भित्र्या बापाची गोष्ट

गोष्ट पुढं सरकते, असा आमच्या पिढीचा भाबडा समज. ‘मग काय झालं?’ असं विचारत आम्ही झोपी जायचो. हल्ली ‘त्याच्याआधी काय झालं?’ ह्याला भाव आहे. एखादी गोष्ट चालली, की लगेच तिच्या आधीची गोष्ट काढायची. ह्याला प्रीक्वेल म्हणतात. सुट्टीला सेनगावला आलेल्या नातवानं मला असा एक दाखवला. ‘डॉन ऑफ द क्रूड्स’. ‘डॉन’ म्हटल्यावर मी अमिताभच्या आशेनं चष्मा पुसून बसलो. निघाला आदिमानव! हा डॉन म्हणजे पहाट.

२०१३ साली ‘द क्रूड्स’ हा चित्रपट आला. त्यात सुरुवातीलाच थोरली मुलगी सांगते, की आमचे शेजारी एकेक करून संपले. कुणी मॅमथखाली चिरडले, कुणाला सापानं गिळलं, कुणी डास चावून गेले, एक घर तर साध्या सर्दीनं गेलं. आम्ही तेवढे उरलो, कारण बाप भित्रा. ह्या बापाचं नाव ग्रग. नवं काही दिसलं की पोरांना गुहेत कोंबायचं, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. नातवानं दाखवलेली मालिका २०१५ ते २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आली, आणि ती त्याच्या आधीच्या दिवसांची. म्हणजे दरी अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गजबजलेली!

नातू खिदळत होता. मला हसू येईना. अहो, ह्यांचं पुढं काय होणार ते मला ठाऊक! कुणी नुसतं नाक पुसलं तरी माझ्या पोटात गोळा.

आपल्याकडं हे दुखणं जुनंच. सहदेवाला म्हणे पुढचं सगळं दिसायचं, पण विचारल्याशिवाय सांगायची सोय नव्हती. जनमेजयाची तर त्याहून पंचाईत. वैशंपायनांनी त्याला महाभारत ऐकवलं ते सगळं होऊन गेल्यावर. अर्जुन त्याचा सख्खा पणजोबा. द्यूताचे फासे पडताना ‘उठा तिथून!’ असं ओरडावंसं त्याला वाटलं असेल. पण धर्मराज उठला असता तर वनवास नाही, अज्ञातवास नाही, विराटाची उत्तरा सून होऊन येणं नाही, परीक्षित नाही आणि ओरडायला जनमेजयही नाही. मागच्यांच्या चुका दुरुस्त करायला बसलं, की आपण स्वतःच खोडले जातो.

मग ग्रगचं चुकलं का? मला तसं म्हणवत नाही. पुण्याजवळ घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथं १९६८ ते १९८३ डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती. गुहेतली नव्हे, सातू पेरणारी, घरं बांधून राहणारी. गेलेल्या लेकराला ही माणसं दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसाची पावलं घोट्याखाली तोडून मग पुरत. मेलेल्यानं उठून घराबाहेर जाऊ नये म्हणून असावं, असा अभ्यासकांचा कयास. वाचून अंगावर काटा येतो. पण तो काटा मला ओळखीचा वाटतो.

मी कुणाची पावलं तोडली नाहीत. कयाधूला पूर आला की मात्र पोराच्या चपला लपवून ठेवायचो. पुढं तो पुण्याला निघाला, तेव्हा चपला लपवण्याचं त्याचं वय राहिलं नव्हतं. १९९९ च्या १ मेला आमचा हिंगोली जिल्हाच परभणीतून वेगळा निघाला, आणि परभणीनं काही डोळ्यांना पदर लावला नाही. बापाला तेवढं जमत नाही. आता तोच पोरगा पुण्याहून फोन करतो, ‘बाबा, त्याला नदीकडं जाऊ देऊ नका.’ ‘बरं’ म्हणतो.

चित्रपटात जमीनच दुभंगते, गुहा जाते आणि नव्याच्या मागं धावणारी मुलगी खरी ठरते. गुहा शाबूत होती तोवर बाप खरा होता. ती कोणत्या दिवशी पडणार हे कुणी दवंडी पिटून सांगत नाही, हीच तर अडचण! आणि ते न भिणारे शेजारी? पुढं मेले म्हणून त्यांची दरीतली धमाल खोटी ठरवायची का? मी नाही ठरवणार. ग्रग तेव्हाही गुहेच्या तोंडाशी बसून पोरं मोजत असणार.

त्या सर्दीनं गेलेल्या घराचं मात्र फार वाटतं. मॅमथखाली जाणं निदान चारचौघांत सांगता तरी येतं.