हल्दीघाटीचा वारसा कुणाचा?

लढाईचा निकाल एका दिवसात लागतो. ‘आपले कोण जिंकले?’ हा प्रश्न मात्र शतके उलटली तरी संपत नाही. जून १५७६ मध्ये मेवाडात, हल्दीघाटीजवळच्या खमनोरच्या परिसरात महाराणा प्रताप आणि अकबर यांच्या फौजा भिडल्या. ही लढाई सर्रास हिंदू विरुद्ध मुसलमान अशी सांगितली जाते. मग वर्गात हा धडा निघाला की काही नजरा मुसलमान मुलाकडे वळतात. जणू बादशहाच्या फौजेचा हिशेब त्यानेच द्यायचा आहे.

यावर आपले उत्तर ठरलेले असते. बादशाही फौजेचा सेनापती अंबरचा कुंवर मानसिंह होता आणि राणा प्रतापच्या आघाडीला हकीम खान सूर हा अफगाण सरदार लढत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पण तेवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे नाही.

त्या दिवशी बादशाही फौजेत मुल्ला अब्दुल कादिर बदायुनीही होता. आपले राजपूत कोणते आणि शत्रूचे कोणते, हे कसे ओळखायचे, असे त्याने ऐन लढाईत आसफ खानाला विचारले. बाण सोडत राहा, कोणत्याही बाजूचा पडला तरी फायदा इस्लामचाच, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. ही हकिगत कुणा शत्रूने रचलेली नाही. बदायुनीनेच ती आपल्या इतिहासग्रंथात निःसंकोच लिहून ठेवली आहे. म्हणजे लढाई राज्यासाठी होती हे खरे. पण खांद्याला खांदा लावून लढणाऱ्या सोबत्याचे मरणही फायद्यात मोजणारी माणसे तिथे होती, हेही खरे.

हकीम खानालाही आपण देशभक्तीचा दाखला करून टाकले आहे. त्याच्या सूर घराण्याची सत्ता मोगलांनी १५५५ मध्ये दिल्लीतून उखडली होती. त्याचे मोगलांशी जुने वैर होते. साडेचार शतकांनंतरच्या मुसलमानांना चारित्र्याचे प्रमाणपत्र मिळावे म्हणून तो लढला नव्हता.

मयताच्या मालमत्तेतून आधी कर्ज फेडायचे आणि मगच वारसांचे हिस्से करायचे, हा शरीअतचा नियम आपल्या घराघरांत माहीत आहे. मालमत्ताच नसेल, तर वारसाने स्वतःच्या खिशातून कर्ज फेडावे अशी सक्ती नाही. इतिहासालाही हाच नियम लावावा. ज्याला अकबराच्या वैभवात हिस्सा हवा, त्याने बदायुनीचे ते पानही आपल्या नावावर घ्यावे. ज्याच्या वाट्याला ना जहागीर आली ना किल्ला, त्या शाळकरी पोराकडे कर्ज मागण्याचा हक्क कुणालाच नाही. आणि त्याच्या शेजारी बसलेल्या मुलालाही प्रतापच्या सुडाचा वारस करण्याचे कारण नाही.

वारसा नाकारला तरी न्यायबुद्धी नाकारता येत नाही. न्यायाची साक्ष स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी ती द्या, अशी कुरआनची शिकवण आहे. म्हणून आसफ खानाचे ते उत्तर माणुसकीला सोडून होते, हे आपण कुणी विचारण्याची वाट न पाहता सांगावे. ते आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणून.