योगक्षेमाच्या नावाखाली

कठोपनिषदात यम नचिकेताला मृत्यूच्या प्रश्नापासून वळवण्यासाठी जे जे देऊ करतो, त्यात वाईट म्हणावे असे फारसे काही नाही. शंभर वर्षे जगणारी मुले-नातवंडे, गुरेढोरे, हत्ती-घोडे, सोने, जमीन, हवे तितके आयुष्य. चारचौघे ज्याला सुखाचा संसार म्हणतात तोच हा. नचिकेता ते नाकारतो आणि मग यम त्याला श्रेय, म्हणजे हिताचे, आणि प्रेय, म्हणजे आवडीचे, यांतला भेद सांगतो. प्रवचनांत हा भेद बहुधा सदाचार विरुद्ध चैन असा मांडला जातो. मूळ मांडणी त्याहून अडचणीची आहे. मंद माणूस प्रेय निवडतो तो योगक्षेमासाठी, असे यम म्हणतो. म्हणजे मिळवण्यासाठी आणि मिळवलेले राखण्यासाठी. हा शेरा आज अंधेरीतल्या कुठल्याही घराला किंवा कचेरीला चपखल लागू पडतो. आईची तपासणी, मृत्युपत्र, महिनाभर रखडलेला अहवाल बाजूला ठेवून माणूस काही झोपा काढत नाही. तो ईमेलना उत्तरे देतो, विजेचे बिल भरतो, सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगचा वाद मिटवतो, कपाट आवरतो आणि रात्री दमून पाठ टेकतो. त्याला आळशी कसे म्हणणार? म्हणूनच आळसावरचे सगळे उपदेश त्याच्या डोक्यावरून जातात.

सोपे काम जिंकते ते गोड असते म्हणून, हे अर्धेच खरे. ते संपते, आणि संपल्याचे दिसते, ही त्याची खरी ताकद. गरजेच्या कामाला असा शेवट नसतो आणि बहुतेक वेळा त्याच्या तळाशी भीती असते: तपासणीत काय निघेल, मृत्युपत्राचा विषय काढला तर भाऊ काय म्हणेल. गीतेच्या अठराव्या अध्यायात कष्टाच्या भीतीने कर्तव्य सोडण्याला राजस त्याग म्हटले आहे. तामस नव्हे, राजस. म्हणजे धावपळ करणाऱ्याचा त्याग. समाजाचेही असेच होते. अंधेरीचा गोखले पूल 1975 सालचा. 3 जुलै 2018 च्या सकाळी त्याचा पादचारी भाग रुळांवर कोसळला आणि पश्चिम रेल्वे ठप्प झाली. नोव्हेंबर 2022 मध्ये पूल वाहतुकीला पूर्ण बंद झाला. फेब्रुवारी 2024 मध्ये नव्या पुलाची एक बाजू खुली झाली, तेव्हा शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी तिची उंचीच जुळत नव्हती. पूल पुरता सुरू व्हायला मे 2025 उजाडले. कोसळण्याची तांत्रिक कारणे अभियंत्यांनी सांगावीत. पण पुलाची वेळच्या वेळी तपासणी आणि डागडुजी या कामांना ना नारळ फुटतो, ना फीत कापली जाते. ती नीट झाली तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कुणी कुणाचा सत्कार करत नाही.

मग विवेक हाच उपाय, असे म्हणावे तर पहिला आक्षेप तिथेच उभा राहतो. सॉक्रेटिसाचे मत असे की जाणूनबुजून कुणी चुकत नाही. चुकतो तो अज्ञानाने. आपल्याकडे दुर्योधनाच्या तोंडी घातलेले प्रसिद्ध वचन याच्या नेमके उलट आहे: धर्म कळतो, पण तिकडे पाय वळत नाहीत. अर्जुनही तिसऱ्या अध्यायात विचारतो की इच्छा नसताना माणसाला बळजबरीने कोण ओढून नेते. माझ्या मते इथे दुर्योधनाचा अनुभव सॉक्रेटिसाच्या सिद्धान्तापेक्षा खरा आहे. भारतीय परंपरेने हे मान्य केले आणि ऐन वेळच्या मनोबलावर भरवसा ठेवणे सोडून दिले. अंधेरी पूर्वेला महाकाली, म्हणजेच कोंडिविटे, इथली बौद्ध लेणी पाहावीत. खडकात कोरलेल्या लहान खोल्या, पाण्याची टाकी, जाळीच्या खिडक्यांची गोल भिंत आणि तिच्या आत स्तूप. सारे बेतलेले, मोजके. बौद्ध संघात पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे आणि पंधरवड्याला एकत्र जमून नियमांचे पठण करायचे, हे आधीच ठरलेले असे. वारकऱ्याचा नेम याच जातीचा. एकादशी पंचांगात ठरलेली आहे. आज उपवास करावासा वाटतो का, हे मनाला विचारलेच जात नाही. निवड रोज नव्याने करावी लागली तर सोपे काम रोज जिंकेल, हे त्यामागचे शहाणपण.

यावर कुणी म्हणेल की नेमही शेवटी यांत्रिक होतो आणि स्वतःच प्रेय बनतो. देवाची भांडी तासभर लखलखीत घासणे हे शेजारच्या खोलीतल्या आजारी वडिलांशी दहा मिनिटे बोलण्यापेक्षा खूप सोपे असते. आक्षेप खरा आहे, पण तो परंपरेनेच आधी घेतला आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारात आलेल्या देवाला विटेवर थांबवले, आणि रामेश्वराला नेत असलेले गंगाजल एकनाथांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात घातले, या कथा तेच सांगतात. नेम कुणासाठी थांबवायचा, याचा निकाल समोर खोळंबलेला जीव देतो.

दुसरा आक्षेप अधिक कडवट आहे, आणि तो टाळता येत नाही. नचिकेताच्या मागे स्वयंपाकाची घाई नव्हती. लेण्यांतले भिक्षू भिक्षेवर जगत. ते अन्न दुसऱ्या कुणीतरी रांधलेले असे. घाटकोपरहून मेट्रोच्या गर्दीत उभी राहून अंधेरीला उतरणारी आणि घरी येऊन कणीक मळणारी बाई स्वतःची तपासणी पुढे ढकलते, तेव्हा ती प्रेय निवडत नसते. घरातल्या चौघांचा योगक्षेम तिच्या एकटीच्या अंगावर असतो. तिला विवेकाचे धडे देणे हा निव्वळ उद्दामपणा आहे. जनाबाईच्या कथेत विठ्ठल तिला कामाची वर्गवारी शिकवायला येत नाही, तो जात्यावर दळायला बसतो. घरातल्या बाईचे गरजेचे काम रखडले असेल, तर तिला कारण विचारण्याआधी संध्याकाळचा स्वयंपाक आपल्याकडे घ्यावा.