सगळे भाग बदलले तरी तेच?

1991 मध्ये लिनस तोरवाल्ड्सने लिनक्स लिहिले ते 386 चिपच्या संगणकावर. 2013 च्या 3.8 आवृत्तीतून त्याच चिपचा आधार काढला गेला. डिसेंबर 2022 मध्ये, 6.1 आवृत्तीत, सी भाषेशेजारी रस्टला जागा मिळाली. लिनक्सवर उभ्या असलेल्या डेबियन या प्रणालीच्या ऑगस्ट 2025 च्या 13 व्या आवृत्तीत तर जुन्या 32-बिट पीसींसाठी इन्स्टॉलरच नाही. माझा डेस्कटॉप त्यातलाच. मग हे तेच लिनक्स का?

आमच्या जोयडा तालुक्याला हा प्रश्न नवा नाही. तालुक्याचे नाव पूर्वी सुपा होते. काळी नदीवरच्या धरणात सुपा गाव बुडाले, कचेऱ्या जोयड्याला आल्या, आमच्यासारखी घरे रामनगरला वसली. आजीने देव पाटीतून आणले. देव्हारा नवा, देव तेच, याबद्दल तिला शंका नव्हती.

बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? सुटा रथ कुठेच सापडत नाही. मला हे पटते, पण पुरत नाही. 2005 पासून लिनक्समधला प्रत्येक बदल गिट या नोंदव्यवस्थेत नावानिशी नोंदला जातो, बहुतेक वेळा कारणासह. काढून टाकलेली ओळही वाचता येते. सातत्य मला कुठल्या अविनाशी गाभ्यात दिसत नाही, या नोंदीत दिसते. 386 चालवणाऱ्याला 3.7 आवृत्ती आजही उतरवून घेता येते, दुरुस्तही करता येते. लिनक्सचा जीपीएल परवाना त्याला अडवत नाही. डेबियन 12 वर थांबायचे की नाही, हेही मीच ठरवणार आहे.