सप्तपदीचे सातवे पाऊल

सप्तपदीचे सातवे पाऊल सख्यत्वाचे मानले आहे. जोडीदार दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला म्हणजे या सख्यत्वाची खरी कसोटी लागते. करवीरनिवासिनी श्री अंबाबाईच्या चरणी पतीसाठी वा पत्नीसाठी आरोग्य मागणारे कितीतरी भाविक येतात.

१८८८ साली महात्मा जोतीराव फुले यांना पक्षाघात झाला व उजवे अंग लुळे पडले. सावित्रीबाईंनी त्यांची मनोभावे शुश्रूषा केली. परंतु हा भार त्यांच्या एकट्यावर पडला नाही. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. मामा परमानंद यांनी १८९० साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या कुटुंबासाठी साहाय्य मागितले. डाव्या हाताने लिहून जोतीरावांनी ग्रंथ पूर्ण केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. पण अखेरपर्यंत ते एकाकी नव्हते.

म्हणून आप्तेष्टांनी केवळ विचारपूस करून परतू नये. एक रात्र रुग्णाच्या उशाशी बसावे, एक वेळचा डबा पोहोचवावा, औषधांच्या खर्चात वाटा उचलावा. शुश्रूषा करणाऱ्यानेही हा आधार निःसंकोचपणे स्वीकारावा. त्यात कमीपणा नाही. दुसऱ्याचे दुखणे वाटून घेणे हीदेखील जगदंबेची सेवाच होय.