मौनही शिकवतंच

आमचा मुलगा सातवीत आहे. काही महिन्यांपूर्वी त्याच्या शाळेतून पत्र आलं. कॅलिफोर्नियात २०१६ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार लैंगिक आरोग्य आणि एचआयव्ही प्रतिबंधाचं शिक्षण मिडल स्कूलमध्ये एकदा आणि हायस्कूलमध्ये एकदा द्यावंच लागतं. पालकांना नको असेल, तर त्यांनी तसं लेखी कळवायचं.

खरं सांगतो, माझ्या मनात पहिला विचार आला तो 'कळवून टाकू' हाच. बारा वर्षांच्या पोराला हे कशाला? मंडळाच्या पिकनिकमध्ये विषय काढला, तर एक मित्र म्हणाला, "अरे, सांगितलं की कुतूहल वाढतं." त्यावर एक वहिनी शांतपणे म्हणाल्या, "आणि न सांगितल्यानं कमी होतं का?"

घरी आल्यावर मला आठवलं ते इंजेक्शन. इथे अकरा-बारा वर्षांच्या मुलामुलींना एचपीव्हीची लस देतात. "बाबा, हे कशाचं?" असं मुलानं विचारलं होतं. मी म्हणालो, "कॅन्सर होऊ नये म्हणून." ते खोटं नव्हतं, पण हा विषाणू मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो, एवढं मी गाळलं. मी मुलाचं रक्षण करत होतो की माझ्या संकोचाचं?

आमच्या शाळेत प्रजननाचा धडा आला, की बाई "घरी वाचा" म्हणायच्या. एड्स म्हणजे आम्हाला भिंतीवरच्या पोस्टरातली कवटी. भीती मिळाली, माहिती नाही. एचआयव्ही डासानं, मिठीनं किंवा एका ताटात जेवल्यानं होत नाही. असुरक्षित संबंध, दूषित सुई, दूषित रक्त आणि आईकडून बाळाला असा पसरतो. आज नियमित औषधांनी विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका कमी राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही. पण त्यासाठी वेळेवर तपासणी हवी, आणि ज्याला लाजच शिकवली आहे तो तपासणीला जाईल कसा?

'ही अमेरिकन थेरं' असंही म्हणायची सोय नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवलं. त्यासाठी अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. त्याच महाराष्ट्रात २००७ साली शाळांमधल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली. दोन्ही परंपरा आपल्याच आहेत. कोणती पुढे न्यायची, हे आपण ठरवायचं.

संस्कारांचं काय, हा प्रश्न रास्त आहे. शाळा माहिती देईल. दुसऱ्याचा मान, स्वतःची जबाबदारी, नको असेल तर 'नाही' म्हणण्याचं बळ हे घरातूनच यायला हवं. पण आम्ही गप्प राहिलो, तर मूल एवढंच शिकतं, की हा प्रश्न आई-बाबांकडे न्यायचा नाही. अडचणीच्या दिवशीही मग ते आपल्याकडे येणार नाही.

आम्ही नकार कळवला नाही. पोहण्याच्या क्लासला जाताना गाडीत त्या इंजेक्शनची उरलेली गोष्ट मी सांगितली. मुलगा म्हणाला, "मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"लाज वाटली रे," मी म्हणालो.

तो हसला. मग त्यानं आणखी दोन प्रश्न विचारले. एकाचं उत्तर मला येत नव्हतं. घरी येऊन दोघांनी मिळून शोधलं.