होडी आणि किनारा



यंदाची आपल्या धर्मग्रामाची सहल कोठे न्यावी, यावर गेल्या रविवारी पॅरिश कौन्सिलच्या सभेत बरीच चर्चा झाली. तरुणांनी खांदेरी बेट सुचवले. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून होडीने जायचे. चहूबाजूंनी समुद्र, गाव नाही, दुकान नाही, फक्त शिवकालीन किल्ला आणि दीपगृह. २०२५ साली हा किल्ला अन्य अकरा किल्ल्यांसह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हापासून मुलांची ओढ अधिकच वाढली आहे. महिला मंडळाने मात्र ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र सुचवले. कल्याण-डोंबिवलीहून लोकलने ठाणे, तेथे गाडी बदलली की ऐरोली. "फादर, ते तर आपल्या दारातच आहे, त्याला काय सहल म्हणायची?" असे एक तरुण म्हणाला आणि सगळे हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र आम्हांला मागच्या वर्षीची एक गोष्ट आठवली.

मागच्या वर्षी आपण एका गडावर गेलो होतो. सहल छान झाली. पुढच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी निघालो. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्या एका आजींनी प्रार्थना झाल्यावर विचारले, "फादर, सहल कशी झाली?" त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आपल्याच पत्रिकेतली सहलीची सूचना घडी घालून ठेवलेली होती. शेवटची ओळ होती, 'सर्वांनी अवश्य यावे.' आजी म्हणाल्या, "मी चप्पल शिवून आणवली होती. मग मुलगा म्हणाला, आई, तिथे पायऱ्या आहेत." त्यांनी तक्रार केली नाही. पण ती सूचना आम्ही लिहिली होती. 'सर्वांनी' हा शब्द लिहिताना त्या आजी आमच्या डोळ्यांसमोर नव्हत्या.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात असाच प्रसंग आहे. प्रेषित सेवाकार्य करून परतले होते. त्यांना जेवायलाही सवड नव्हती. म्हणून प्रभू त्यांना होडीत घालून एका निर्जन ठिकाणी घेऊन निघाला. म्हणजे एकान्ताची ओढ वाईट नाही. तेथे जाण्याचे आमंत्रण स्वतः प्रभूचेच होते. पण ज्यांच्याकडे होडी नव्हती, ते लोक पायी धावत किनाऱ्यावर आधीच येऊन पोहोचले. प्रभूला होडी दुसरीकडे वळवता आली असती. तो किनाऱ्यावर उतरला. त्याला त्यांचा कळवळा आला, आणि त्याच दिवशी पाच भाकरींनी हजारो लोक जेवले. पुढचे मात्र आपण पुष्कळदा वाचायचे विसरतो. लोकांना निरोप दिल्यावर प्रभू एकटाच डोंगरावर प्रार्थनेला गेला. त्याने एकान्त सोडला नाही, फक्त क्रम बदलला. आधी किनारा, मग डोंगर.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हांला एक साधा प्रश्न विचारायला शिकवले होते: साध्य काय आणि साधन काय? बेट, खाडी, बस, होडी ही सारी साधने. धर्मग्रामाच्या सहलीचे साध्य एकच, आपण एक कुटुंब आहोत हे अनुभवणे. जे साधन घरातल्या काही माणसांना घरीच ठेवते, ते कितीही सुंदर असले तरी या साध्याला पुरे पडत नाही.

आणि दारातली खाडी काही कमी नाही. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची घोषणा २०१५ साली झाली; २०२२ साली तिला रामसर या जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत स्थान मिळाले. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत हजारो रोहित पक्षी येथे येतात. कच्छच्या रणात, माणसांपासून दूर, ते चिखलाची घरटी करून पिल्ले वाढवतात. आणि अन्नासाठी कारखाने आणि इमारतींच्या मधल्या आपल्या या खाडीत उतरतात. त्यांना दूरचे रण हवे आणि जवळची खाडीही हवी. आपलेही तसेच आहे.

म्हणून आम्ही ठरवले आहे की जानेवारीतली धर्मग्रामाची सहल ऐरोलीला जाईल. तरुणांनो, तुमचे खांदेरी रद्द झालेले नाही. समुद्र शांत असताना युवक संघाची सहल तिकडे नेऊ, आणि आम्हीही तुमच्याबरोबर होडीत बसू. तेथे तासभर मोबाइल बंद ठेवून मौन पाळायचे, ही आमची अट.

पण जवळचे ठिकाण निवडले म्हणजे प्रेम झाले असे समजू नका. आजींना ऐरोलीला नेऊन एका बाकावर एकट्या बसवायचे आणि आपण बिर्याणी खात फोटो काढायचे, तर त्यापेक्षा गडच बरा. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी उचलून, छप्पर उघडून प्रभूपुढे ठेवले होते. आपल्याला छप्पर उघडायचे नाही, तीन जिने उतरवायचे आहेत. त्यासाठी चार तरुण हवेत, एक मजबूत खुर्ची हवी, आणि दिवसभर शेजारी बसून गप्पा मारणारे कोणीतरी हवे.

येत्या रविवारपर्यंत दारातल्या पेटीत चिठ्ठी टाका. तिच्यावर स्वतःचे नाव लिहू नका. आपल्या इमारतीतल्या, एकट्याने येऊ न शकणाऱ्या एका माणसाचे नाव लिहा, आणि त्याला कोण घेऊन येणार तेही लिहा. पहिली चिठ्ठी आम्ही टाकली आहे.

प्रभू येशू तुम्हां सर्वांना आशीर्वादित करो.

तुमचे धर्मगुरू