घाटाचा चढ आणि तळ्याचे पाणी

मनुष्य श्रम करितो तेव्हा त्या श्रमाने तो कशाचा धनी होतो, हा प्रश्न दिसावयास सोपा, परंतु मंडळीच्या जीवनात फार खोलवर जाणारा आहे. तो नीट समजावा म्हणून आम्ही एका सडकेचे उदाहरण घेतो.

सातारा जिल्ह्यात वाईपासून एक डांबरी सडक पसरणीचा घाट चढून पाचगणीस जाते व पुढे महाबळेश्वरास पोहोचते. महाबळेश्वर लागण्याच्या थोडे अलीकडे वेण्णा तलाव आहे. हा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंच आहे. आमचा परभणी जिल्हा बहुतेक काळ्या मातीचा सपाट प्रदेश, उंची सुमारे ४०० मीटर. जिंतूरकडील टेकड्या व गंगाखेडाकडील बालाघाटाचे डोंगर सोडले तर सायकल हाती धरून चढण्याचे प्रसंग आपणांस थोडेच. तेव्हा वाईहून पाचगणीपर्यंतच सुमारे ६०० मीटरांचा चढ सायकलीने चढणे म्हणजे काय, हे वाचकांनी मनात आणावे. अलीकडे पुष्कळ तरुण केवळ हौसेने हा घाट चढतात. त्यांच्या सायकलींस गियर असतात. त्यांमुळे पायास जोर कमी लागतो, परंतु पायडल अधिक वेळा फिरवावे लागते. धान्याचे पोते एकदम माडीवर नेता येत नाही म्हणून ते पाटी पाटी करून न्यावे, तसेच हे आहे. पाटी हलकी झाली तरी धान्य तितकेच वर न्यावयाचे असते.

असा थकलेला मनुष्य तळ्याच्या काठी उतरतो, तेव्हा त्याच्या मनात सहज येते की, हे तळे मी आपल्या घामाने मिळविले, जे एस. टी.ने बसून आले त्यांस ह्याची काय किंमत? हा विचार खरा आहे काय?

त्यात थोडे खरे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. श्रमाने अंग बळकट होते, धीर वाढतो, आणि थकलेल्यास पाण्याची गोडी अधिक कळते. परंतु तळे त्याने मिळविले, हे मात्र खरे नव्हे. ते तळे साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज ह्यांनी १८४२ साली बांधविले. त्यात जे पाणी आहे ते पावसाचे, आणि पाऊस कोणाच्या घामाने पडत नाही. रस्त्यांचेही तसेच. महाबळेश्वरी १८३४ पासून १८६४ पर्यंत चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता, आणि तेथील पुष्कळ रस्ते ह्या कैद्यांच्या हातांनी झाले. आपल्या देशापासून दूर आणलेल्या त्या माणसांनी दगड फोडले. त्यांची नावे आज त्या वाटेने जाणाऱ्यांपैकी किती जणांस ठाऊक असतील?

येथे आणखी एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. हौसेने चढणारा मनुष्य मध्येच दमला तर सायकल वळवून उतरू शकतो. कैद्यास ती मोकळीक नव्हती. आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीस जी कुटुंबे बैलगाड्या व मुलेबाळे घेऊन परमुलखास जातात, त्यांसही ती नाही. म्हणून स्वतः निवडलेल्या कष्टाचा मोठेपणा सांगते वेळी ज्यांस कष्ट निवडता आले नाहीत त्यांची आठवण ठेवावी, हे आम्हांस योग्य वाटते.

कोणी म्हणेल, तर मग श्रमाचा काही हक्कच नाही काय? आहे. मनुष्याने मनुष्यास ठरविलेली मजुरी ही दया नव्हे, देणे आहे. ती अडवून धरणाऱ्या धनवानांविरुद्ध याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात किती कठोर शब्द आहेत, हे वाचकांस ठाऊक आहेच. कोणी मुकादम वा मालक कृपेचा उपदेश पुढे करून मजुराचे पैसे बुडवू पाहील, तर तो पवित्र वचनाचा दुरुपयोग करितो. परंतु मजुरी वेगळी आणि देवाचे दान वेगळे. मजुरीचा हिशेब मागावा. दानाचा हिशेब मांडू नये.

आता हे आपल्या मंडळ्यांस कसे लागू पडते ते पाहू. कित्येक गावी प्रथम बाप्तिस्मा घेतलेल्या कुटुंबांनी फार सोसले. त्यांस पाणवठ्यावर अडविले, नातलगांनी टाकिले, काम मिळेनासे झाले. त्यांचा चढ खरोखर कठीण होता, आणि त्याविषयी त्यांचा मान राखणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. परंतु जेव्हा तीच कुटुंबे नव्याने आलेल्यांस म्हणतात, तुम्ही आयते आलात, तुम्ही मागे बसा, तेव्हा ती तळ्यावर आपली मालकी सांगतात. उपदेशक बंधूंनाही हा मोह होतो. पावसापाण्यात सायकल ढकलीत वस्त्या वस्त्या फिरलेला उपदेशक कधी कधी समजतो की ही मंडळी माझी आहे. पण त्याच्या आधी कोणी पायी फिरले होते, आणि त्यांच्याही आधी कोणी प्रार्थना केली होती. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत आपण लेकरांस शिकवितो. तो स्वतःस शिकविणे अधिक कठीण आहे.

आपल्याच जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. ज्यांच्या शेतास आज त्याचे पाणी मिळते त्यांपैकी किती जणांनी त्या बांधावर माती टाकिली? आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांचा वाटा कोण मोजील? पाणी पिणारा प्रत्येक मनुष्य दुसऱ्याच्या श्रमात आयता शिरलेला असतो.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायात आपला प्रभु वाटेने चालून थकतो आणि शोमरोनातील एका विहिरीपाशी बसतो. ती विहीर प्राचीन काळी याकोबाने दिलेली, दोर व घागर दुसऱ्याची, आणि समोर उभी असलेली स्त्री परक्या लोकांतली. सर्वांचा धनी असूनही तो आपल्या थकव्याचे मोल मागत नाही. तो केवळ प्यावयास पाणी मागतो. श्रमाने मनुष्यास तहान लागते, पाण्यावर मालकी लागत नाही, हेच आम्हांस ह्यात दिसते. ह्यास्तव, प्रिय बंधुभगिनींनो, तुमचा चढ कितीही कठीण झालेला असो, वर पोहोचल्यावर पाणी प्या, उपकार माना, आणि मागून येणाऱ्यास, तो पायी येवो की गाडीत बसून, काठावर जागा करून द्या.